बाबांच्या वाटणीचं जवाचं पाणी

उन्हाळी लागली तर माणसानं सरळ सांगावं, लघवीला जळजळ होते म्हणून. चार शब्दांचं काम. तेवढे चार शब्द वेळेवर कुणाच्या तोंडून निघाले असते, तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण इन्स्पेक्टरसाहेबांच्या घरात 'लघवी' हा शब्द आजवर उच्चारलाच गेला नव्हता. त्या घरात माणसं 'तिकडे' जात आणि 'तिकडून' येत. तिकडे काय झालं याची चौकशी करायची पद्धत नव्हती.

साहेब वजनमापे खात्यात. दुकानदाराचा तराजू तपासायचा, वजनं घासून हलकी केलीत का ते बघायचं, दुधाच्या मापाला बुडाशी मुद्दाम पोचा पाडलाय का ते बोट फिरवून पाहायचं आणि सगळं खरं असेल तर शिक्का मारायचा. त्यांची सायकल बाजारात शिरली की निम्म्या दुकानदारांना अचानक प्रामाणिकपणाचा झटका येई. घरी मात्र आई त्यांना 'बाळू' म्हणे. पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, सरकारी शिक्का बाळगणाऱ्या माणसाला बाळू! लग्न केलेलं नव्हतं. म्हणजे नाही म्हटलं नव्हतं, पण नीट पारखून घेऊ, नीट पारखून घेऊ, असं करताकरता वय निघून गेलं. वडील शिंपी होते, ते चार वर्षांपूर्वी गेले. घरात उरली आई, बाळू आणि खिडकीपाशी बाबांची वेताची खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नसे.

तर त्या आठवड्यात आई सारखी तिकडे जायला लागली. भिंत धरून जायची, आतून बारीक 'स्स' असा आवाज यायचा आणि येताना ओठ आवळलेले असायचे. साहेबांनी बूट घालताघालता विचारलं, "आई, काय होतंय?"

"काही नाही रे. उन्हाळी लागलीय जरा. जाईल."

"डॉक्टरकडे जाऊ या का?"

"ह्या वयात डॉक्टरला काय काय सांगत बसू? बाईमाणूस मी."

"डॉक्टरपण बाईच आहे, आई."

"मग तर मुळीच नको. कालची पोर ती, हसेल मला."

आई येत नाही म्हटल्यावर साहेब एकटेच दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत खच्चून माणसं. टेबलामागची बाई अशी खणखणीत बोलणारी, की तिला खरं तर स्टेशनवर नोकरी मिळायला हवी होती. "पेशंट कोण?" तिनं विचारलं. "आई," साहेब म्हणाले. "काय होतंय?" "जळजळ." "कुठे?"

सगळी खोली कान टवकारून बसली. पहिल्याच बाकावर तो दूधवाला होता, ज्याचं माप साहेबांनी गेल्याच महिन्यात जप्त केलं होतं. आता तुम्हीच सांगा, त्याच्यासमोर स्वतःच्या आईविषयी तो शब्द कसा काढायचा? साहेबांनी आवंढा गिळला आणि म्हणाले, "घशात."

बरं, आत गेल्यावर तरी बोलायचं की नाही? पण आत नर्स उभी होती आणि कागदावर 'घसा' असं लिहूनही झालं होतं. सरकारी माणसाला एकदा कागदावर आलेलं खोडवत नाही. डॉक्टरीण म्हणाली, "पेशंटला बघितल्याशिवाय मी काय सांगणार? गुळण्यांचं औषध देते. तीन दिवसांत उतार पडला नाही तर आईंना घेऊनच या." लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात, साहेब ताकाला जाऊन तेल घेऊन आले.

आईनं बाटली उलटसुलट करून पाहिली. "हे कशाला?"

"गुळण्या करायला."

आई काळजीनं म्हणाली, "बाळू, तुला बरं वाटत नाही का रे?"

खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुणी काही सांगावं लागत नसे. दुसऱ्या दिवशी जिन्यातच त्यांनी साहेबांना गाठलं. "आईंना उन्हाळी लागलीय ना? बाईचं चालणं बघितलं की बाईला कळतं. जव आणा. मूठभर जव तांब्याभर पाण्यात मऊ शिजवायचे, गाळायचं, वरून लिंबू पिळायचं. दिवसभर तेच द्या, साधं पाणी बंद." वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहत. ते कठड्यावरून वाकून गरजले, "लिंबू? उन्हाळीला आंबट? अहो, विष आहे ते! खायचा सोडा द्या, चिमूटभर. आणि चहा बंद, मिरची बंद, लोणचं बंद. रात्री धणे भिजत घालून सकाळी ते पाणी." काकू वर बघून म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला कधी बाईची उन्हाळी झाली होती का?" मास्तर म्हणाले, "मी वाचलंय." यावर काकूंनी जो हुंकार दिला तो तीनही मजल्यांना ऐकू गेला. संध्याकाळी परगावच्या बहिणीचा फोन आला. तिचं म्हणणं, मोठ्या दुकानात लाल आंबट फळांचा रस मिळतो तो दे, तिच्या नणंदेला त्यानंच गुण आला, आणि रोज दही, आणि काकडी, आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी. "ताई, तू येतेस का?" साहेबांनी विचारलं. "बघते रे, ह्यांच्या ऑडिटचं झालं की," ताई म्हणाली. सल्ला द्यायला ऑडिट आड येत नाही, हे आपलं बरं असतं.

जव आणायला जायचं ते नेमकं त्याच किराणावाल्याकडे. दुसरीकडे मिळत नव्हते. त्याचा तराजू साहेबांनी दोनदा बाद केला होता. तो बघूनच उठून उभा राहिला. "साहेब, आजच शिक्का बघून गेलात की!"

"तपासणीला नाही आलो. अर्धा किलो जव द्या."

"कुणाला उन्हाळी?" दुकानदारानं रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं. त्यानं जव मोजले, काटा मध्यावर आला, साहेबांची नजर सवयीनं काट्यावर गेली. मग दुकानदारानं आणखी एक मूठ वर टाकली. "हे आईंसाठी. बाद करणार का?" साहेबांनी आयुष्यात कधी मापापेक्षा जास्त घेतलं नव्हतं. पिशवी घेऊन ते खाली मान घालून चालू लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांचं ऐकलं. कुणाचं मन मोडायला नको, असा विचार. त्यामुळे काकूंचं लिंबू आणि मास्तरांचा सोडा एकाच पातेल्यात भेटले आणि जे काही फसफसून वर आलं ते ओट्यावरून उतरून साहेबांच्या धोतराइतक्याच पांढऱ्या, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरलं. लाल रसाची बाटली आईनं एक घोट घेऊन परत केली, "हे आंबट नाही रे, नुसती साखर आहे." गोष्ट खरी होती. साहेबांनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली तर फळ औषधापुरतं आणि साखर पोटभर. त्या कंपनीला नोटीस काढायचं त्यांनी मनाशी ठरवलं आणि बाकी सगळे पंथ सोडून एका जवावर निष्ठा ठेवली. खात्यातून बाद झालेलं एक लिटरचं जुनं माप घरात होतं. त्यानं मोजून रोज तीन मापं जवाचं पाणी तयार व्हायचं. तयार व्हायचं, एवढंच. आई पीत नव्हती. प्यायलं की तिकडे जावं लागतं, तिकडे गेलं की जळतं, म्हणून ती पिणंच टाळायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. साहेब माप हातात घेऊन दाराशी उभे राहत, "आई, संपव." आई म्हणे, "ठेव. घेते."

आणि एका सकाळी तिनं पेला पुढे केला, पण साहेबांच्या हातात नाही. वेताच्या खुर्चीच्या दिशेनं. "आधी त्यांना दे. दमून आलेत दुकानातून."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुणाला, आई?"

"कुणाला म्हणजे? तुझ्या बाबांना."

साहेब म्हणजे खरं बोलणारा माणूस. खोट्या वजनाचा त्यांना आयुष्यभर तिटकारा. ते पटकन बोलून गेले, "आई, बाबा गेले ना. चार वर्षं झाली."

आईचा चेहरा हळूहळू बदलला. "गेले? कधी?" आणि मग ती रडायला लागली. चार वर्षांपूर्वी रडली होती तशीच, किंबहुना त्याहून जास्त, कारण तेव्हा निदान तिला आजारपण दिसलेलं होतं. "मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणत राहिली. "मला कुणी बोलावलं कसं नाही रे?" तीच तर शेवटपर्यंत त्यांचा हात धरून बसली होती. साहेबांनी सांगायचा प्रयत्न केला. ते तिच्या डोक्यात शिरेना. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, अन्नाचा कण नाही. संध्याकाळी थकून तिचा डोळा लागला आणि उठल्यावर तिनं विचारलं, "ते आले का?"

एका माणसाला दोनदा विधवा करायची ताकद साहेबांच्यात नव्हती. ते म्हणाले, "येतील." मग स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं.

ताईला फोन केला तर ती हळू आवाजात म्हणाली, "म्हातारपण आहे रे. आता असंच होत जाणार. सासूबाईंचं असंच झालं होतं." काकू म्हणाल्या, "वय झालं की डोकं चालेनासं होतं." मास्तर म्हणाले, "अक्रोड द्या." उन्हाळी आणि डोकं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. शरीराच्या त्या दोन टोकांमध्ये सगळं घर उभं होतं ना! साहेबांनी मनाशी धरलं की आई गेली. म्हणजे समोर बसलेली आहे, पण गेली. एवढंच उरलं की तिची जळजळ तरी थांबावी. बाकी काही आपल्या हातात नाही, पण पाणी तरी पाजता येईल.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून बाहेर आले, तर आई त्यांच्याकडे बघून एकदम हसली. "अहो, कधी आलात?"

साहेब वळून बघणार होते मागे कोण आहे ते. मागे भिंत होती. बाबांना टक्कल होतं, यांनाही होतं. बाबा खांदे पाडून उभे राहत, हेही राहत. साहेब गेले आणि वेताच्या खुर्चीवर बसले. चार वर्षांनी खुर्ची करकरली. आईनं दोन पेले भरले. "तुम्ही घ्या आधी. मग मी घेते."

साहेबांनी घेतलं. जवाचं पाणी म्हणजे कोमट, बुळबुळीत, ना चव ना ढव. आई बघत राहिली. तिनं आपला पेला उचलला नाही. काहीतरी राहिलं होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मग साहेबांच्या लक्षात आलं. बाबा पाणी प्यायले की शेवटी 'हाऽऽ' करायचे. चांगला मोठा, दुकानातल्या गिऱ्हाईकानं वळून बघावं असा 'हाऽऽ'. साहेबांना लहानपणापासून त्याची लाज वाटायची. शाळेतले मित्र घरी आले की ते देवाला हात जोडायचे, आज बाबांना तहान लागू देऊ नकोस म्हणून. आता त्यांनी खिडकीबाहेर बघून, हळूच, 'हाऽऽ' केलं. आईनं समाधानानं पेला तोंडाला लावला आणि निम्मा संपवला.

सुटली म्हणायची अडचण! पण अडचण अशी की पुढे आईनं दोन घोट घ्यायला साहेबांना पुरा पेला घ्यावा लागे. तीन मापं पाण्यातली अडीच साहेबांच्या पोटात आणि अर्धं आईच्या. घरात तिकडची जागा एकच. साहेबांना उन्हाळी नव्हती, पण सगळा उन्हाळा त्यांचाच चालला होता. ऑफिसात रजेचा अर्ज द्यायला गेले तर मोठे साहेब म्हणाले, "कारण लिहा." घरगुती अडचण लिहिलं तर म्हणाले, स्पष्ट लिहा. स्पष्ट काय लिहिणार, की वडिलांच्या जागी बदली झाली आहे म्हणून? त्या चर्चेत त्यांना दोनदा उठून जावं लागलं. शेवटी मोठ्या साहेबांनीच दया येऊन 'प्रकृती अस्वास्थ्य' असं लिहून घेतलं.

काकू म्हणाल्या, एकदा लघवी तपासून घ्या. काकूंनी तो शब्द जिन्यात उभं राहून उच्चारला आणि आभाळ कोसळलं नाही, याचं साहेबांना नवल वाटलं. प्रयोगशाळेत गेले तर तिथला माणूस म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणायची म्हणजे घशाचा उलगडा करावा लागणार. साहेबांनी पहिल्यांदाच आपलं ओळखपत्र भलत्या कामासाठी पुढे केलं. भिंतीजवळच्या तराजूकडे नुसतं बघितलं. तो माणूस गडबडीनं म्हणाला, "न्या बाटली. सकाळी आणून द्या."

सकाळी आई बाटलीकडे बघून काकूंना म्हणाली, "ह्यांना नको का? आधी ह्यांची घ्या." आता आली का पंचाईत! साहेब धावत गेले, दुसरी बाटली आणली, आपली भरली, ती तिला लांबून दाखवली, तेव्हा कुठे तिनं आपली भरू दिली, तीही काकूंच्या मदतीनं, नाक मुरडत. दोन्ही बाटल्या साहेबांनी लाजेकाजेनं एकसारख्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. शेजारीपाजारी दिसायला नको ना! चिठ्ठी चिकटवायची तर तिच्यावर काय लिहायचं? एक घेऊन प्रयोगशाळेत गेले. दुसरी आल्यावर धुऊन टाकली. सगळ्या शहराच्या मापांवर खुणा करणारा माणूस, पण घरच्या दोन बाटल्यांवर एक रेघ ओढायला धजला नाही.

संध्याकाळी अहवाल आला. सगळं स्वच्छ. दोष नाही, संसर्ग नाही. साहेब जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढले. काकूंना सांगितलं, मास्तरांना सांगितलं. काकू म्हणाल्या, "बघितलंत? जव!" मास्तर म्हणाले, "धणे!" साहेबांना वाटलं, चला, एक तरी गोष्ट आपल्याला जमली. डोक्याचं नाही, पण जळजळीचं जमलं. त्या आनंदात ते वेताच्या खुर्चीवर बसले, पेला घेतला आणि कुणी न सांगता मोठ्यानं 'हाऽऽ' केलं.

आई त्या संध्याकाळी खूप बोलत होती. गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. साहेबांना वाटलं, बरं वाटतंय म्हणून. तिनं खुर्चीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, एक बोलू? बाळूचं."

"बोल," साहेब म्हणाले.

"पोर चांगलं आहे हो. काही कमी करत नाही. पण बसत नाही." तिनं दाराकडे पाहिलं, तिथे कुणी उभं नाही ना याची खात्री करून घेतली. "तुम्ही गेल्यापासून... तुम्ही कुठे गेला होतात हो? असू दे. सांगत काय होते, तो दारात उभा राहून विचारतो. जेवलीस का? गोळी घेतलीस का? कडी लावलीस का? तपासणीला आल्यासारखा. मी सगळं हो म्हणते. पास झाले की तो जातो." ती जराशी हसली. "कधीकधी मनात येतं, एखाद्या दिवशी नाही म्हणावं. नापास झाले तर बसेल तरी."

साहेबांच्या खरंच घशात जळजळ झाली, दवाखान्यात सांगितली होती तशी. त्यांना सांगावंसं वाटलं, आई, मी बसलोय, मीच आहे. पण तसं म्हटलं तर बाबा पुन्हा मरणार होते. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "तुम्ही त्याला बोलू नका हं," ती म्हणाली. "वाईट वाटेल त्याला."

"नाही बोलणार," साहेब म्हणाले.

सकाळी आईला थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते, ती कुणालाच ओळखत नव्हती, बाबांनासुद्धा. साहेब पायात चप्पल न घालता दवाखान्यात धावले आणि भरल्या खोलीत, त्या खणखणीत बाईपेक्षाही खणखणीत आवाजात ओरडले, "माझ्या आईला लघवीला जळजळ होते! ती मरतेय! डॉक्टरला बोलवा!" बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी हसलं नाही. डॉक्टरीण हातातलं काम टाकून त्यांच्याबरोबर आली.

आईला तपासून तिनं अहवाल मागितला. खोलीत काकू होत्या, मास्तर दारात होते. तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला. "हे असं कसं? हे तर नुसतं पाणी आहे. ह्यांची जीभ कोरडी पडलीय आणि लघवी इतकी पातळ? रोज किती पाणी देत होतात?"

"तीन लिटर. मोजून."

"आणि त्या प्यायल्या?"

साहेबांनी खाली बघितलं. "त्या... अर्धा. बाकीचं मी." मग त्यांच्या डोळ्यांसमोर एकसारख्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आल्या. ते म्हणाले, "डॉक्टर, ती माझी आहे. ती माझी बाटली गेली. आईची मी धुऊन टाकली."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मास्तर छताकडे बघू लागले. एरवी या गोष्टीवर सबंध इमारत वर्षभर हसली असती. डॉक्टरीण फक्त म्हणाली, "आणि घसा कसा आहे त्यांचा?" साहेबांनी मान हलवली. तिनं पुढे ताणलं नाही.

हॉस्पिटलच्या गाडीकडे जाताना साहेबांनी विचारलं, "आणि डोक्याचं? ती मला... माझे वडील समजते. म्हातारपण ना?"

"कधीपासून?"

"जळजळ सुरू झाली, त्यानंतर थोड्या दिवसांनी."

डॉक्टरीण चालता चालता थांबली. "अहो, मग म्हातारपण कशाला म्हणता? या वयात लघवीचा संसर्ग असा डोक्यात दिसतो. माणूस भ्रमिष्टासारखं करतं. जवाच्या पाण्याला मी वाईट म्हणत नाही, पाणी पाजायलाच हवं. पण संसर्ग औषधानं जातो, पाण्यानं नाही. पहिल्या दिवशी खरं सांगितलं असतंत तर..." साहेबांचा चेहरा पाहून तिनं वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे आई परत येईल?"

"उशीर झालाय. प्रयत्न करू."

हॉस्पिटलात सुईतून औषध सुरू झालं. साहेब स्टुलावर बसून होते. ताई आली, ऑडिट टाकून आली आणि आईचे पाय धरून बसली. ताप उतरला, परत चढला, मग उतरला तो उतरलाच. एका दुपारी आईनं डोळे उघडले, ताईला ओळखलं, साहेबांना ओळखलं. "बाळू, दाढी किती वाढलीय," म्हणाली. साहेब हसले. मग तिची नजर खोलीभर फिरली. पलंगाच्या पलीकडे एक खुर्ची होती, रिकामी. तिच्याकडे बघत तिनं हळूच विचारलं, "ते नाहीत ना रे?"

आई परत यावी म्हणून ज्यानं दिवसरात्र एक केले, त्यालाच हे पुन्हा सांगायचं होतं. "नाहीत, आई," साहेब म्हणाले.

"हं," आई म्हणाली. "माहीत आहे मला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, ते तिनं पुसलं नाही. तिचं डोकं पूर्ण ताळ्यावर आलंय असं डॉक्टरीण म्हणाली. सगळ्यांना आनंद झाला आणि साहेबांनाही झालाच. फक्त ते बाहेर व्हरांड्यात जाऊन थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले.

घरी आल्यावर चार दिवसांनी साहेबांनी ऑफिसचे कपडे चढवले. रजा संपली होती. आई खिडकीपाशी बसली होती, हातात पेला. औषधाबरोबर भरपूर पाणी प्यायचं, असं सांगितलं होतं, आणि आता ती मुकाट्यानं पीत होती. साहेब नेहमीसारखे दारात थांबले. "जेवलीस का? गोळी घेतलीस?"

"घेतली," आई म्हणाली. "पास."

आई बाहेर बघत होती. तिला आठवत होतं की नुसतं बोलून गेली, कळायला मार्ग नव्हता. मग ती आपणहून म्हणाली, "बाळू, आजारात मला काय काय दिसलं माहितेय? ते आले होते. समोर बसून जवाचं पाणी पीत होते. पेलेच्या पेले."

"बाबा?"

"त्यांना जव बघवत नसत. मी गरोदर असताना सासूबाईंनी एकदा जवाची पेज केली होती, तर उठून गेले होते ताटावरून. आणि इथे बसून प्यायले, मी प्यावं म्हणून." तिनं पेला खाली ठेवला. "सगळ्या जन्मात माझ्यासाठी कधी असं काही केलं नव्हतं रे त्यांनी. दुकान एके दुकान. शेवटी का होईना, केलं."

अडीच मापं रोज! साहेबांच्या पोटानं अजून त्याचा धसका सोडला नव्हता. आयुष्यभर त्यांनी एकाच्या मालावर दुसऱ्याचा शिक्का कधी चालू दिला नव्हता, त्यासाठी लोकांची दुकानं बंद केली होती. ते म्हणाले, "बाबाच ते. दुसरं कोण पिणार?"

"तुझ्याबद्दल बोललो आम्ही," आई म्हणाली.

"काय बोललात?"

"चांगलंच बोललो."

साहेबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. बूट काढले. वेताची खुर्ची तिच्याजवळ ओढली, क्षणभर विचार केला, आणि बसले.

"ऑफिसला जायचं नाही का रे?"

"जाईन. बसतो जरा." आईच्या पेल्याशेजारी तांब्या होता. त्यांनी त्यातलं पाणी एका पेल्यात ओतलं, न मोजता, आणि प्यायले. शेवटी तोंडातून निघून गेलं, मोठ्यानं, "हाऽऽ."

आईनं झटकन वळून पाहिलं. आधी खुर्चीकडे, मग त्यांच्याकडे. मग तिनं आपला पेला पुढे केला आणि म्हणाली, "मलापण दे थोडं. आणि बस. इतक्यात उठू नकोस."